सामाजिक संशोधनासाठी फाउंडेशनचं अनुदान: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या संशोधकांसाठी

'अनुदान देणाऱ्या १०० संस्था' अशा याद्या भरपूर फिरतात. त्या बघून लोक अर्ज भरायला बसतात आणि शेवटच्या पानावर अडकतात, कारण तिथे विचारलेलं असतं: रक्कम कोणत्या संस्थेच्या खात्यात जमा करायची? कळव्यातला स्वतंत्र संशोधक, वाशीतली कॉलेजची प्राध्यापिका आणि मुरबाडला काम करणारी छोटी संस्था या तिघांना एकाच विषयावर संशोधन करायचं असलं, तरी त्यांनी ठोठावायची दारं वेगवेगळी असतात. म्हणून 'कोण देतं' याच्याही आधी 'कोणाच्या नावावर येणार' हे ठरवा. यादी त्यानंतर आपोआप लहान होते, आणि लहान यादीच कामाची असते.

हा लेख समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, शिक्षण, मानवशास्त्र अशा विषयांत पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी आहे.

१. आधी प्रश्न लिहा, दीडशे शब्दांत

'आगरी-कोळी समाजाचा अभ्यास' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'साडेबारा टक्के योजनेतला भूखंड विकल्यावर घणसोली-कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या कुटुंबांत मुलींच्या वाट्याला काय आलं?' हा प्रश्न आहे. यात जागा आहे, माणसं आहेत, आणि उत्तर कुठे शोधायचं तेही दिसतं.

हाच प्रश्न दिल्लीत किंवा शिकागोत बसलेला परीक्षक वाचणार आहे. त्याला साडेबारा टक्के म्हणजे काय हे माहीत नसतं. तेव्हा एक वाक्य त्याच्यासाठी लिहा: 'नवी मुंबई वसवताना ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या, त्यांना संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची ही योजना.' गावठाण, माथाडी, प्रकल्पग्रस्त, कातकरी वाडी या प्रत्येक शब्दाला असं एक वाक्य तयार ठेवा. स्थानिक शब्द काढून टाकू नका. अर्जाचं वेगळेपण त्यांच्यातच असतं.

आकडेवारी देताना ठाण्यात एक खड्डा हमखास लागतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख आहे, पण त्यात आजचा पालघर जिल्हा धरलेला आहे. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. आजचा ठाणे जिल्हा म्हणजे ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर आणि अंबरनाथ हे सात तालुके. जव्हार-मोखाड्याचे आदिवासी आकडे धरून 'ठाणे जिल्ह्यातलं आदिवासींचं प्रमाण' लिहिलं, तर जाणकार परीक्षक पहिल्याच पानावर थांबतो. तालुकावार आकडे घेऊन बेरीज स्वतः करा आणि तसं केल्याचं लिहा.

दुसरा खड्डा नवी मुंबईचा. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात येतात आणि तिथे महापालिकाही वेगळी आहे. दोन्हीकडे काम करणार असाल तर दोन जिल्ह्यांचे आकडे लागतील आणि परवानगीची पत्रंही दोन कार्यालयांची.

२. पैसा कोणाच्या नावावर येणार?

मार्ग तीनच आहेत.

*व्यक्तीच्या नावावर.* फेलोशिप, प्रवास अनुदान, पुस्तक लेखनासाठीची मदत यात येतात. रक्कम थेट तुमच्या खात्यात येते. कागद कमी लागतात, पण रक्कम बहुधा एका माणसाच्या कामापुरतीच असते. चार सर्वेक्षक नेमून करायचं काम यात बसत नाही.

*कॉलेज किंवा विद्यापीठाच्या नावावर.* प्राध्यापकांसाठी हाच नेहमीचा रस्ता. इथे प्राचार्यांची सही लागते, हिशेब अकाउंट सेक्शन ठेवतं आणि खरेदी कॉलेजच्या नियमाने होते. सर्वेक्षकांचे पैसे रोख द्यायचे की खात्यावर, किती दिवसांत, हे अर्ज करण्यापूर्वीच अकाउंट सेक्शनमध्ये बसून विचारून घ्या. मंजूर झालेली रक्कम कॉलेजच्या खात्यात पडून आहे आणि सर्वेक्षक दोन महिने बिनपगारी फिरतायत, अशी वेळ आली की चांगली टीम मोडते.

*नोंदणीकृत संस्थेच्या नावावर.* न्यास, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालची नोंदणी, १२ए आणि ८०जी (प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या), तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि दर्पण क्रमांक (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक) हे कागद जवळपास सगळीकडे मागतात. इथला नेहमीचा घोळ म्हणजे चेंज रिपोर्ट, म्हणजेच विश्वस्तांतला बदल कळवणारा बदल अर्ज. विश्वस्त बदललेले असतात, बँकेत सही नव्या माणसाची असते, पण धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्टावर अजून जुनी नावं असतात, कारण बदल अर्ज प्रलंबित आहे. फाउंडेशनचा तपासणारा माणूस नेमकी हीच दोन पानं शेजारी ठेवतो. ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयातून परिशिष्टाचा ताजा उतारा आधी काढा, आणि बदल अर्ज प्रलंबित असेल तर त्याची पोच जोडा.

आपली संस्था नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या छत्राखाली अर्ज करता येतो. मात्र तोंडी बोलण्यावर जाऊ नका. माहितीवर हक्क कोणाचा, अहवालावर नाव कोणाचं, संस्था किती टक्के प्रशासकीय खर्च कापणार आणि तुम्ही मध्येच सोडलं तर काय, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

३. परदेशी पैसा असेल तर एफसीआरए आधी वाचा

सगळ्यात जास्त अर्ज इथे बुडतात. परदेशी फाउंडेशनची रक्कम भारतातल्या संस्थेला घ्यायची असेल तर तिच्याकडे एफसीआरए, म्हणजे परकीय योगदान नियमन कायद्याखालची, नोंदणी किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी हवी. लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा:

- नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि तिने त्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत.
- नोंदणी पाच वर्षांची असते. प्रमाणपत्रावरची शेवटची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा. प्रकल्प दोन वर्षांचा आणि नोंदणी आठ महिन्यांत संपणारी, असं असेल तर नूतनीकरणाचं काय चाललंय ते विचारा.
- परदेशी रक्कम पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यावी लागते. तिथून पुढे स्थानिक वापर-खात्यात. ठाण्याच्या शाखेचा खाते क्रमांक परदेशात कळवून मोकळं होऊ नका.
- २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दुसरीकडे नोंदणी असली तरीही. 'दिल्लीची संस्था घेईल आणि आम्हाला वाटा देईल' हा जुना रस्ता बंद झाला आहे.
- प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के. पण जी संस्था मुख्यतः संशोधन किंवा प्रशिक्षणच करते, तिच्या क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्या आणि तिचं विश्लेषण करणाऱ्या माणसांचा पगार या मर्यादेत धरत नाहीत. बजेटमध्ये अशा माणसांचं पद 'ऑफिस असिस्टंट' असं लिहाल तर ही सवलत हातची जाते. जे काम ते करतात तेच नाव लिहा.

कॉलेजच्या बाबतीत आणखी एक. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं शिक्षणसंस्था चालवतात, आणि एफसीआरए नोंदणी असलीच तर ती त्या मूळ संस्थेच्या नावावर असते, कॉलेजच्या नव्हे. प्राचार्यांना 'आपलं आहे का' विचारलं की उत्तर 'नाही' येतं. संस्थेच्या कार्यालयात विचारलं की फाइल निघते. उलटही होतं.

व्यक्तीला मिळणाऱ्या शिष्यवृत्ती किंवा स्टायपेंडला कायद्यात वेगळी वागणूक आहे. म्हणून मंजुरीपत्रात रकमेला कोणता शब्द वापरलाय, फेलोशिप, स्टायपेंड, प्रकल्प अनुदान की सल्लागार मानधन, ते बघा आणि ते पत्र सीएला दाखवूनच पैसे घ्या. प्राप्तिकराचा आणि टीडीएसचा हिशेबही त्याच शब्दावर फिरतो.

४. यादी कशी काढायची

गुगलवर 'सोशल सायन्स ग्रँट' टाकून मिळणारी यादी बहुतेकदा शिळी असते. त्यापेक्षा उलट्या दिशेने या.

तुमच्या विषयावरचे गेल्या पाच-सात वर्षांतले वीस लेख, प्रबंध आणि अहवाल घ्या. प्रत्येकाचं ऋणनिर्देशाचं पान उघडा. पैसा कोणी दिला ते तिथे लिहिलेलं असतं. वीसपैकी सहा ठिकाणी एकच नाव दिसलं, तर ते फाउंडेशन तुमच्या विषयावर खरंच पैसे देतं. संस्थेच्या संकेतस्थळावरच्या मोठमोठ्या शब्दांपेक्षा हा पुरावा भक्कम.

हे काम बसून करायला जागा जवळच आहेत. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएसएसआरचं, पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात जे. पी. नाईक भवनात आहे. ठाण्याहून मध्य रेल्वेने किंवा वाशीहून हार्बरने कुर्ल्याला उतरून पुढे बस. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहेत, वाशीचा खाडीपूल ओलांडला की आल्याच. बाहेरच्या वाचकांसाठीचे नियम आधी फोनवर विचारा आणि कॉलेजचं पत्र बरोबर न्या. मराठी साधनांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय विसरू नका. ते १८९३ पासूनचं आहे, आणि जुनी नियतकालिकं चाळायची सवय असेल तर दोन दिवस कमी पडतील.

अमेरिकी फाउंडेशन तपासायची एक फुकट सोय आहे. तिथल्या खासगी फाउंडेशनना दरवर्षी ९९०-पीएफ नावाचं विवरण सरकारकडे भरावं लागतं आणि ते सगळ्यांना खुलं असतं. प्रोपब्लिकाच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोररवर फाउंडेशनचं नाव टाकलं की ते उघडतं. त्यात कोणाला किती रक्कम दिली याची यादी असते. तिथे तीन गोष्टी बघा: भारतात कोणाला दिलं का, सर्वसाधारण रक्कम किती, आणि नव्या लोकांना देतात की दरवर्षी त्याच दहा संस्थांना. तीच दहा नावं दिसली तर वेळ घालवू नका. कँडिड या संस्थेची फाउंडेशनांची शोधसूची मोठी आहे, पण पूर्ण वापराला वर्गणी लागते. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळते का विचारा.

शोधताना मराठी-हिंदी नावांनीही शोधा. न्यास, प्रतिष्ठान, ट्रस्ट, स्मृती निधी या नावांखाली असलेल्या संस्था 'फाउंडेशन' या शब्दाने सापडत नाहीत.

५. कोणाचं दार कशासाठी

ही यादी संपूर्ण नाही. प्रत्येक ठिकाणचं स्वरूप कळावं म्हणून देतोय. रक्कम आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या मूळ जाहिरातीतूनच घ्या.

वेनर-ग्रेन फाउंडेशन (न्यूयॉर्क, १९४१ पासून) फक्त मानवशास्त्राला पैसे देतं. पीएचडी करणाऱ्यांसाठी क्षेत्रकार्याचं अनुदान वेगळं, पीएचडी झालेल्यांसाठी वेगळं. नागरिकत्वाची अट नाही. पण समाजशास्त्राचा प्रस्ताव शीर्षक बदलून इथे पाठवला तर चालत नाही. मानवशास्त्रातल्या चर्चेत तुमचा प्रश्न कुठे बसतो, हेच ते विचारतात. संस्थेचा ओव्हरहेड, म्हणजे प्रशासकीय खर्च, ते देत नाहीत.

स्पेन्सर फाउंडेशन (शिकागो) शिक्षणविषयक संशोधनाला देतं. त्यांचं लहान अनुदान ५० हजार डॉलरपर्यंतचं असतं. मुख्य संशोधकाकडे पीएचडी किंवा शिक्षण-संशोधनाशी संबंधित कामाचा योग्य अनुभव हवा आणि अर्ज संस्थेमार्फतच हवा. म्हणजे इथे मुद्दा ३ पुन्हा उभा राहतो.

इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स (बंगळूर) कला आणि संस्कृतीच्या संशोधनाला व्यक्तीच्या नावावर अनुदान देतं आणि इंग्रजीखेरीज इतर भारतीय भाषांतून आलेले अर्जही घेतं. कोळीगीतं, आगरी बोलीतली, लग्नात गाणाऱ्या धवलारिणींची गाणी, भिवंडीतल्या यंत्रमाग कामगारांची शायरी असे विषय असतील तर मराठीतून लिहायची ही दुर्मीळ संधी आहे.

न्यू इंडिया फाउंडेशन स्वतंत्र भारताच्या इतिहासावरच्या पुस्तकांसाठी फेलोशिप देतं. मराठीसह दहा भारतीय भाषांतल्या महत्त्वाच्या ललितेतर ग्रंथांच्या इंग्रजी अनुवादासाठीही त्यांची फेलोशिप आहे. सर्वेक्षणाचा प्रकल्प मात्र इथे नको.

इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन भारतातल्या विद्यापीठांत पीएचडी करणाऱ्यांना परदेशातल्या अल्पकालीन संशोधनासाठी प्रवास अनुदान देतं. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट ब्रिटनमधल्या कामासाठी. मुंबई इलाख्याची कागदपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत बघायची असतील तर हे दुसरं लक्षात ठेवा.

टाटा ट्रस्टचा सामाजिक शास्त्रांशी संबंध जुना आहे. १९३६ ची टाटा समाजविज्ञान संस्था सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून उभी राहिली. पण अशा मोठ्या ट्रस्टांचा भर संस्थांवर आणि प्रत्यक्ष कामावर असतो. एकट्या संशोधकाने तिथे थेट प्रस्ताव पाठवण्यापेक्षा, त्यांच्या मदतीवर आधीच काम करणाऱ्या संस्थेत संशोधनाचा भाग उचलणं जास्त शक्य असतं.

फाउंडेशन नसले तरी यादीत हवेतच असे सरकारी स्रोत: १९६९ पासूनची आयसीएसएसआर (फेलोशिप आणि लहान-मोठे प्रकल्प), आणि राज्यातल्या बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी), महाज्योती (ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी) यांच्या पीएचडी फेलोशिप. एकावेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत. दुसरी लपवली आणि नंतर उघड झाली तर घेतलेली रक्कम परत करावी लागते.

मंजुरीच्या आधी 'प्रोसेसिंग फी' किंवा 'दहा टक्के' मागणारा माणूस भेटला तर त्याच्या नादी लागू नका. संस्था चालवणाऱ्यांकडे असे फोन नेहमी येतात.

६. टीटीसी पट्ट्यातल्या कंपन्या आणि सीएसआर

ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे हा सगळा ठाणे-बेलापूर पट्टा, म्हणजे टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्र, कंपन्यांनी भरलेला आहे, आणि कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात. कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. मग सामाजिक संशोधनाला पैसे का मिळत नाहीत? कारण हा खर्च कशावर करता येतो त्याची यादी असलेल्या अनुसूची ७ मध्ये संशोधनाचा जो मुद्दा आहे तो विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांचा आहे. समाजशास्त्र त्यात नाही.

तरी रस्ते दोन आहेत. पहिला: शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, वारसा जतन, झोपडपट्टी विकास हे विषय त्याच अनुसूचीत आहेत. या कामातला पाहणीचा भाग म्हणून तुमचं संशोधन बसू शकतं. 'दिघ्यातल्या शाळाबाह्य मुलांचा अभ्यास' असं नुसतं नेऊ नका. 'शाळाबाह्य मुलं शोधून त्यांना शाळेत आणण्याचा दोन वर्षांचा कार्यक्रम, त्यातली पहिली पाच महिन्यांची पाहणी' असं न्या, आणि तो कार्यक्रम खरोखर राबवणारी संस्था बरोबर घ्या.

दुसरा रस्ता परिणाम मूल्यमापनाचा. ज्या कंपनीवर गेल्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर खर्चाचं बंधन होतं, तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं मूल्यमापन प्रकल्प संपून वर्ष झाल्यावर बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. त्यासाठी सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, यातली जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंत खर्च दाखवता येतो. हे काम सेवा-करार म्हणून येतं. जीएसटीचा प्रश्न तिथे उभा राहतो, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची मुभाही करारात मागून घ्यावी लागते. न मागता मिळत नाही.

केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर कंपनीवार आणि जिल्हावार खर्च बघता येतो. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरची कामं घेण्यासाठी केंद्राकडे करायची नोंदणी) झालेली असल्याशिवाय कंपनीकडे जाऊ नका, पहिला प्रश्न तोच येतो.

७. बजेट: तास मोजा, मग रुपये

नव्या माणसाचं बजेट नेहमी दोन ठिकाणी चुकतं: सर्वेक्षणाचे दिवस आणि ध्वनिमुद्रणाचं लेखन. एक उदाहरण नीट मांडून बघू. विषय: दिघा, तुर्भे स्टोअर आणि नेरूळमध्ये राहून गृहसंकुलांत घरकाम करणाऱ्या बायका. २४० जणींची प्रश्नावली, ३० जणींच्या सविस्तर मुलाखती.

प्रश्नावलीला ४५ मिनिटं लागतात. म्हणून दिवसाला आठ होतील असं कागदावर वाटतं. पण या बायका सकाळी सहाला बाहेर पडतात, दुपारी एक ते चार घरी असतात आणि पुन्हा संध्याकाळच्या कामाला जातात. त्या तीन तासांत पाणी भरणं, स्वयंपाक, मुलं. एका सर्वेक्षकाचे दिवसाला चार धरा. २४० भागिले ४ म्हणजे ६० मनुष्यदिवस. घर बंद, नंतर या, अर्धवट राहिली यासाठी २० टक्के वाढवा, झाले ७२. दोन सर्वेक्षक असतील तर ३६ दिवस, म्हणजे आठवड्याला सहा दिवस धरून सहा आठवडे. दिवसाला १,२०० रुपये धरले तर ८६,४०० रुपये. प्रवास आणि चहापाणी वेगळं.

मुलाखत सरासरी ८० मिनिटांची. ३० मुलाखती म्हणजे ४० तासांचं ध्वनिमुद्रण. एक तास ऐकून मराठीत लिहायला सवयीच्या माणसाला सहा तास लागतात. मागे मिक्सर, टीव्ही, शेजारणीची मध्येच भर आणि विदर्भ-मराठवाड्यातली बोली असेल तर जास्तच. म्हणजे २४० तास. दिवसाला सहा तास काम धरलं तर ४० दिवस. बजेटमध्ये 'लेखन: १० हजार' असं ठोकून दिलं की हे ४० दिवस संशोधकाच्या झोपेतून जातात.

अनुवादाचंही तसंच. एका तासाच्या बोलण्यात सात हजारांच्या आसपास शब्द निघतात. ४० तासांचे २ लाख ८० हजार. सगळ्याचा इंग्रजी अनुवाद मागूच नका. विश्लेषण मराठीत होईल आणि अहवालातली निवडक अवतरणं फक्त अनुवादित होतील, असं पद्धतीच्या भागात लिहा. खर्च वाचतो आणि कामही चांगलं होतं.

याशिवाय तीन ओळी हमखास राहून जातात. मुलाखतीसाठी बुडालेल्या कामाची भरपाई द्यायची की नाही, दिली तर किती आणि का. निष्कर्ष वस्तीत परत नेऊन सांगण्याचा खर्च. आणि लेखापरीक्षकाची फी. लॅपटॉप मागण्याआधी नियम वाचा, बरीच फाउंडेशन उपकरणांना हात आखडता घेतात. परदेशी चलनातल्या बजेटवर विनिमय दर आणि तो कोणत्या तारखेचा, दोन्ही लिहा.

वेळापत्रक इथल्या जगण्याप्रमाणे लावा. वाशीच्या भाजी बाजारातले माथाडी रात्री उशिरा आणि पहाटे भेटतात. शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांतली बरीच कुटुंबं पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा जानेवारीत वाडीवर गेलात तर म्हातारी माणसंच सापडतील. घोडबंदर रोड किंवा खारघरच्या संकुलांत सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र नसेल तर वॉचमन गेटच्या आत सोडत नाही, आणि ते पत्र कमिटीच्या बैठकीनंतरच मिळतं.

८. संमती आणि नैतिक मान्यता

संस्थेत नैतिकता समिती असेल तर तिची बैठक कधी आहे ते आजच विचारा. नसेल तर अर्जात तसं लिहा आणि कोणाकडून मान्यता घेणार ते सांगा. संमतीपत्र मराठीतच करा, एका पानाचं, आणि ते सातवी शिकलेल्या माणसाला वाचून दाखवून बघा. 'सदर संशोधनातील सहभाग ऐच्छिक असून' असं लिहिण्याऐवजी 'तुम्हाला बोलायचं नसेल तर बोलू नका, मध्येच थांबवलं तरी चालेल' असं लिहा. सही घ्यायला गेलं की सरकारी कागद समजून लोक बिचकतात, विशेषतः प्रकल्पग्रस्त गावांत, जिथे सह्यांचा इतिहास कडू आहे. तिथे तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी समितीकडून आधीच घेऊन ठेवा.

९. फाइलमध्ये काय हवं

- संशोधकाचा दोन पानी परिचय, प्रकाशनांची यादी
- पदवी प्रमाणपत्रं, पीएचडी नोंदणीचं पत्र, पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश
- मार्गदर्शकाचं किंवा दोन जाणकारांचं शिफारसपत्र
- संस्थेचं संमतीपत्र लेटरहेडवर, सही-शिक्का आणि जावक क्रमांकासह
- संस्थेमार्फत असेल तर: नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्टाचा उतारा, १२ए, ८०जी, दर्पण क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, लागू असेल तिथे एफसीआरए प्रमाणपत्र आणि सीएसआर-१
- क्षेत्रातल्या संस्थेचं किंवा ग्रामपंचायतीचं सहकार्याचं पत्र
- प्रश्नावली आणि संमतीपत्राचा मराठी मसुदा

नावाची गोष्ट किरकोळ वाटते, पण अडकवते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर पदवी एका नावाची आणि बँक खातं दुसऱ्या नावाचं. राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला फाइलमध्ये ठेवा, आणि सगळ्या अर्जांत नाव एकाच पद्धतीने लिहा.

१०. उलटं कॅलेंडर

अंतिम तारखेपासून मागे मोजा. नव्वद दिवस आधी प्रश्न आणि यादी पक्की. पंचाहत्तर दिवस आधी फाउंडेशनच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला छोटा ईमेल: प्रश्न चार ओळींत, रक्कम, कालावधी, आणि 'हे तुमच्या कक्षेत बसतं का?' एवढंच. 'नाही' असं उत्तर आलं तर दोन महिने वाचले. साठ दिवस आधी शिफारसपत्राची विनंती, कारण मे महिन्यात आणि दिवाळीत प्राध्यापक भेटत नाहीत. पंचेचाळीस दिवस आधी संस्थेच्या सहीसाठी फाइल आत. ज्या शिक्षणसंस्थेत सही व्यवस्थापन समितीच्या बैठकीनंतरच होते, तिथे एक बैठक हुकली की महिना गेला.

पंधरा दिवस आधी मसुदा दोघांना वाचायला द्या: एक तुमच्या विषयातला, एक अजिबात नसलेला. दुसऱ्याला पहिलं पान वाचून प्रश्न सांगता आला नाही, तर ते पान पुन्हा लिहा. अर्ज तीन दिवस आधी भरा, शेवटच्या संध्याकाळी पोर्टल रेंगाळतं आणि मोठी पीडीएफ चढत नाही. ऑनलाइन भरल्यावर छापील प्रतही मागितली आहे का ते बघा आणि मागितली असेल तर स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवा.

११. निकाल आल्यावर

मंजुरीपत्र आलं की सही करण्याआधी हप्ते वाचा. दुसरा हप्ता बहुधा पहिल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे यूसीवर, अवलंबून असतो. सर्वेक्षण पहिल्या हप्त्यात संपणार नसेल तर हप्त्यांचं प्रमाण तेव्हाच बदलून मागा. प्रकल्पाचं लेजर पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. रिक्षाच्या प्रवासाला पावती मिळत नाही, त्यासाठी तारीख, कुठून कुठे, रक्कम आणि सर्वेक्षकाची सही असलेलं व्हाउचर त्याच संध्याकाळी भरून घ्या. बजेटच्या एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षावर खर्च वळवायचा असेल तर खर्च करण्याआधी लेखी परवानगी घ्या, नंतरची चालत नाही.

नकार आला तर परीक्षकांचे शेरे मिळतील का, असं एका ओळीत विचारा. सगळे देत नाहीत, पण विचारल्याशिवाय कोणीच देत नाही. शेरा 'विषय आमच्या कक्षेत नाही' असा असेल तर प्रस्ताव तसाच ठेवून फाउंडेशन बदला. 'पद्धत अपुरी' असा असेल तर फाउंडेशन तेच ठेवा, पद्धत बदला आणि पुढच्या फेरीला पुन्हा पाठवा. काय बदललं ते पहिल्या परिच्छेदातच सांगा. मधल्या काळात तीन-चार घरांत प्रश्नावली चालवून बघा. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही, फक्त दुपारी एक ते चार या वेळेत तिथे पोचावं लागतं.